स्वस्तात चांगला चाकू घ्यायचा? मग या चुका टाळा

पंगतीच्या स्वयंपाकात मला 14 वर्षं झाली. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात लग्न, तेरवी, भंडारा, काहीही असो, आमचा आठ बायांचा गट जातो. प्रत्येक ठिकाणी एखादी नवी पोरगी मदतीला येते, पिशवीतून नवाकोरा चाकू काढते, आणि मला बघताक्षणी कळतं की हा दुपारपर्यंत टिकत नाही. पैसे कमी असतात हे खरं, पण घोळ पैशांमुळे होत नाही. घ्यायची घाई असते आणि धार लावायचा कंटाळा.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे चुंबक लावून चाकू पारखणं. भांडी घेताना आपल्याकडे चुंबक लावायची सवय आहे. चिकटलं नाही की स्टील अस्सल. भांड्यांपुरतं ते बरंचसं खरं आहे. ज्या 304 नंबरच्या स्टीलची चांगली पातेली होतात त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. ते गंजत नाही, चुंबकाला धरत नाही. पण ते कितीही तापवा, पाण्यात बुडवा, कडक होत नाही. आणि जे कडक होत नाही त्यावर धार बसते कुठली! चाकूचं स्टेनलेस वेगळं. त्यात क्रोमियम 13 टक्क्यांच्या आसपास, निकेल जवळपास नाही आणि कडकपणापुरता कार्बन. त्याला चुंबक चिकटलंच पाहिजे.

हे मी किती जणींना सांगितलं असेल! आमच्या गटातली एक सून दोन वर्षांपूर्वी आठवडी बाजारात दोन चाकू हातात घेऊन उभी होती. एक मळकट, साधा, काळ्या मुठीचा. दुसरा आरशासारखा लखलखीत. तिनं पिशवीतून चुंबक काढलं, काळ्या मुठीच्याला लावलं, चट्‌दिशी चिकटलं. "काकू, हे तं टीन होय वं," म्हणाली, आणि लखलखीत घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तेरवीचा स्वयंपाक होता. पाच किलो कांदे होईपर्यंत ठीक चाललं, मग तिचा हात जड पडायला लागला. टमाटर कापायला घेतलं तर सालीवर नुसता खड्डा पडत होता. मी तो चाकू दारात नेला आणि धार वर करून उन्हात धरली. पात्याच्या कडेवर टोकापासून मुठीपर्यंत पांढरी रेघ चमकत होती. चांगल्या धारेवर उजेड थांबत नाही, ती दिसतच नाही. रेघ दिसली की समजा धार लवली. हीच परीक्षा दुकानातही होते, फुकटात, आणि चुंबकापेक्षा ती बरी. चुंबक चिकटलं म्हणजे चाकू चांगलाच, असंही नाही. चिकटायला तर तेलाचा डबाही चिकटतो.

सहा चाकूंचा सेट, सोबत कात्री आणि लाकडी स्टँड: घेऊ नका. त्यातले दोनच वापरात येतात, आणि तेही कामाचे नसतात.

"कधीच धार लावावी लागत नाही" असं लिहिलेला दातेरी चाकू पाव कापायला ठीक. दात गेले की घरच्या दगडावर परत येत नाहीत.

पातं किती जाड आहे ते कोणी बघत नाही. दुकानदार म्हणतो, "हातात घेऊन बघा, किती वजनदार!" वजन कुऱ्हाडीला लागतं. माझा नेम ठरलेला आहे. दुकानात जाताना पिशवीत एक गाजर असतं. चाकू धारेच्या मागे जाड असेल तर गाजर चिरत नाही, अर्ध्यावर गेल्यावर कट्‌कन फुटतं. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

मूठ बघताना एवढंच बघा की पात्याचं लोखंड मुठीत किती आत गेलंय. दोन फळ्यांच्या मधून ते शेवटपर्यंत दिसत असेल आणि रिवेट पक्के असतील तर घ्या. लोखंड बोटभरच आत जाऊन संपत असेल तर मूठ कोहळं फोडताना हातात येते, आणि पातं कोहळ्यातच राहतं. कोहळ्याला खरं तर चाकू नकोच. त्याला विळी. पायाखाली पाट दाबून दोन्ही हातांनी कोहळं पात्यावर रेटता येतं, तो जोर चाकूत कुठून आणायचा? विळीला जुनाट म्हणणाऱ्या पोरींनी दहा किलो सांबार, म्हणजे कोथिंबीर, एकदा चाकूनं चिरून दाखवावा.

आता ज्या चुकीनं माझं स्वतःचं नुकसान झालं ती: वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरवर धार लावून आणणं.

माझ्याकडे गावोगाव फिरणाऱ्या गाडी लोहारानं ट्रकच्या कमानपाट्याच्या लोखंडाचा केलेला चाकू होता. असलं लोखंड कितीही वेळा दबलं तरी परत ताठ होतं, म्हणून लोहार त्याच्यावर जीव टाकतात. दिसायला काळा, पण धार अशी की पंगतभर बघायला नको. एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वेळ नव्हता, म्हणून मी तो रस्त्यावरच्या एका दुकानात दिला. पोरानं मशीन सुरू केली, ठिणग्यांचा पाऊस पडला, दोन मिनिटांत चाकू हातात. धार इतकी की नखावर टेकवली तर रुतत होती. 20 रुपये दिले आणि खुशीत घरी आले. टोकाजवळ कडेला निळसर जांभळा पट्टा उमटला होता, तो मी पाहिलाही. वाटलं, तेल लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आलू चिरायला बसले. साडेदहाला चाकू भोथरा. कपाच्या बुडावर घासला, पंधरा मिनिटं चालला, परत भोथरा. 400 माणसांची पंगत, आणि मी शेजारणीची सुरी मागत फिरतेय.

आठवड्यानं लोहाराकडे गेले. त्यानं निळा पट्टा पाहिला आणि म्हणाला, "बाई, याचं पाणी उतरलं." लोहार पातं लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, तेव्हा ते कडक होतं, मग थोडं शेकून त्याचा ठिसूळपणा काढतो. हे झालं पाणी देणं. नंतर तेच पातं फार तापलं की कडकपणा परत उतरतो. अशा लोखंडावर पिवळसर छटा साधारण 220 अंशांना येते, निळी 300 च्या आसपास. धारेची कड कागदासारखी पातळ असते, कोरड्या मशीनवर तिला तेवढं तापायला क्षणही लागत नाही. त्यानं पाणी शिंपडत दगडावर घासून निळा भाग पूर्ण काढला. चाकू अर्धा बोट अरुंद झाला, पण वाचला. तेव्हापासून माझा चाकू मशीनला लागलेला नाही.

मी करते ते असं. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूनं खरखरीत आणि दुसऱ्या बाजूनं बारीक असा कार्बोरंडमचा दगड मिळतो. तो ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. चाकू दगडावर सरळ उभा धरायचा, मग निम्मा खाली आणायचा, परत त्याच्या निम्मा. झाला कोन. त्याच कोनात हळूहळू ओढायचं, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग बाजू बदलायची. बारीक बाजूवर दोन्हीकडून हलक्या हातानं फिरवलं की खरखर जाते. पहिल्यांदा अर्धा तास लागतो. पाच मिनिटांत होईल म्हणून बसलेली पोरगी कोन बिघडवते आणि मग दगडच वाईट म्हणते.

बाकीच्या चुका पटकन सांगते. स्टीलच्या ताटात किंवा ओट्याच्या दगडावर कापू नका, दोन दिवसांत धार जाते. सागाचा पाट टिकाऊ, पण सागात वाळूच्या जातीची कणी असते, ती धार खाते. मी शिवणीच्या लाकडाचा वापरते. लोहाराच्या चाकूनं संत्रं, लिंबू, अंबाडी कापली तर लगेच पुसा, नाहीतर पातं काळं पडतं. काळं पडलं म्हणून घाबरायचं नाही, लाल गंज मात्र घासून काढायचा. आणि पोरींना लागू नये म्हणून त्यांच्या हाती मुद्दाम भोथरा चाकू देऊ नका. भोथऱ्याला जोर लावावा लागतो, तो कांद्यावरून घसरतो आणि सरळ बोटावर येतो.

जवळ 500 रुपये असतील तर मी निम्मे एका चाकूवर घालीन, वीतभरापेक्षा जरा लहान पात्याच्या. उरलेल्यात दगड बसतो. पाट सुताराकडे पडलेल्या तुकड्यातून मागून घ्या. चाकू लोहाराकडून करून घेणार असाल तर भावासाठी फार ओढाताण करू नका. घासाघीस केली की लोहार पाणी कमी देतो, असं माझी सासू म्हणायची. खरं-खोटं लोहारालाच माहीत, पण मी तरी कधी केली नाही.