मशीन नेमकी किती वेळ बंद होती? ऑपरेटिंग अवर्स टाकताना या चुका टाळा

सोमवारी दुपारी शेठनी रिपोर्टचा कागद टेबलावर आपटला नि म्हणाले, "दोन नंबरची लाइन ३७ तास बंद? तुम्ही लोकं काय झोपले होते का?" मी कागद पाहिला, आमच्या फिटर आप्पांनी पाहिला, आणि आप्पा शांतपणे म्हणाले, "शेठ, रविवारी तर गेटलाच कुलूप होतं."

हे जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइपच्या युनिटमधलं, मी तिथे मेंटेनन्सला होतो. दोन शिफ्ट चालायच्या, सकाळी ७ ते ३ आणि ३ ते रात्री ११, सोमवार ते शनिवार. शनिवारी रात्री ९ ला हॉल-ऑफचं (पाइप पुढे ओढणाऱ्या यंत्राचं) बेअरिंग गेलं, सोमवारी सकाळी १० ला पाइप पुन्हा निघायला लागला. घड्याळाने मोजलं तर ३७ तास बरोबर आहेत. पण मशीन चालायलाच पाहिजे होती असे तास किती गेले? शनिवारचे २ आणि सोमवारचे ३, म्हणजे ५. मशीन बंद पडल्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा त्यात कोणी ऑपरेटिंग अवर्सचं, म्हणजे मशीन चालायच्या वेळेचं, वेळापत्रक भरलंच नव्हतं, त्यामुळे ते बिचारं २४ तास सातही दिवस धरून बसलं होतं. सगळ्यात कॉमन चूक हीच, डीफॉल्ट तसाच सोडून देणे.

आता गंमत बघा, ही चूक अर्धवट दुरुस्त केली की आणखी वाईट होते. आम्ही तेच केलं. एक्सेलमध्ये महिन्याचे चालायचे तास बरोबर टाकले, २६ दिवस गुणिले १६, म्हणजे ४१६, पण बंदचे तास सॉफ्टवेअरमधून तसेच ३७ उचलले. अव्हेलेबिलिटी, म्हणजे चालायच्या तासांतून बंदचे तास वजा करून उरलेला टक्का, आली ९१. दोन्ही आकडे २४ तासांच्या हिशोबाने धरले असते (३० दिवसांचे ७२०) तर ९५ च्या आसपास आली असती, आणि दोन्ही शिफ्टच्या हिशोबाने धरले तर खरा आकडा ९८.८. एकच बेअरिंग, एकच महिना, तीन उत्तरं. म्हणून वरचा आकडा (बंदचे तास) आणि खालचा आकडा (चालायचे तास) एकाच कॅलेंडरमधून आलाय का, हे आधी बघायचं, बाकी सगळं नंतर.

मग आम्ही शहाणे झालो आणि सगळ्या मशीनना तेच शिफ्टचं कॅलेंडर लावून टाकलं. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा घातक, कारण पहिलीत निदान बोंब तरी होते, हिच्यात सगळं गप्पगार. रावेरकडे केळीचं पॅक हाऊस सांभाळणारा माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत. चेंबरमध्ये केळी १६ ते १८ डिग्रीत चार-पाच दिवस ठेवायची, पिकवणारा इथिलीन वायू द्यायचा, तिथे शिफ्ट नाही रविवार नाही, कॉम्प्रेसर बंद म्हणजे माल गेला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र अख्ख्या पॅक हाऊसला एकच वेळ, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, रविवार बंद. शनिवारी रात्री साडेअकराला चेंबरचं कूलिंग ट्रिप झालं, रविवारी दुपारी ४ ला लक्षात आलं, साडेसोळा तास. रिपोर्टमध्ये काय? शून्य. माल मऊ पडला, नुकसान झालं आणि कागदावर त्या चेंबरची अव्हेलेबिलिटी १०० टक्के. पुढे नवीन कूलिंग युनिट मागायला गेला तर मालक म्हणे, ते तर कधी बंदच पडत नाही रे भो.

तर कॅलेंडर मशीनप्रमाणे लावा. कोल्ड स्टोरेज, चेंबर, बोअरचा पंप, सर्व्हर, फायर पंप यांना २४ तास. पाइप लाइनला शिफ्ट. ऑफिसच्या एसीला ऑफिसची वेळ. फार बारीक करायची गरज नाही, तीन-चार कॅलेंडरमध्ये बहुतेक युनिटचं भागतं, प्रत्येक मशीनला वेगळं केलं तर पुढच्या दिवाळीला सुट्ट्या भरताना तुम्हीच रडाल.

रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, इथे हुशार माणसंही फसतात. रात्री १० ते सकाळी ६ अशी शिफ्ट टाकली की बरीच सॉफ्टवेअर एकतर एरर देतात किंवा शेवटची वेळ सुरुवातीच्या आधीची बघून आख्खी शिफ्टच सोडून देतात. उपाय साधा, दोन तुकडे करा, १० ते १२ एका दिवसात आणि १२ ते ६ दुसऱ्या दिवसात. पण हे करताना रविवारचं काय? तीन शिफ्टचा प्लांट सोमवारी सकाळी ६ ला सुरू होतो आणि रविवारी सकाळी ६ ला थांबतो. म्हणजे रविवारी पहाटेचे ६ तास चालू पाहिजेत आणि सोमवारी पहाटेचे ६ तास बंद. लोक सरळ रविवारला टिक काढतात आणि सोमवार पूर्ण ठेवतात. आठवड्याचे तास तरीही १४४ च येतात, बेरीज जुळते, म्हणून कोणाला शंकासुद्धा येत नाही! आणि मग रविवारी पहाटे ३ ला पडलेली मशीन दिसतच नाही, सोमवारी पहाटे कुलूप असलेल्या प्लांटमध्ये मात्र ब्रेकडाऊन चालू.

सकाळच्या सगळ्या ब्रेकडाऊनचा वेळ शून्य येतोय आणि संध्याकाळचे मात्र बरोबर वाटतायत, असं दिसलं तर टाइम झोन बघा. आपली वेळ जागतिक वेळेच्या (यूटीसीच्या) साडेपाच तास पुढे. सेटिंगमध्ये यूटीसी राहिलं असेल तर तुम्ही भरलेले सकाळचे ७ म्हणजे त्याच्या मते आपले दुपारचे साडेबारा, आणि रात्रीचे ११ म्हणजे पहाटेचे साडेचार. आमच्याकडे सुपरवायझर म्हणायचा मशीन दुपारनंतरच बिघडते, उन्हामुळे. ऊन कसलं, सेटिंग.

तसं ऊन पण कारण असतंच. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, पॅनलमधले ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) तापून ट्रिप होतात, आणि बरेच लोक शिफ्टच एक तास अलीकडे घेतात. शिफ्ट बदलते, सॉफ्टवेअरमधली वेळ तीच राहते. विजेच्या दरानेही असंच झालं, आधी रात्री १० ते ६ वीज स्वस्त होती म्हणून कितीतरी जण जड काम रात्री काढायचे, २०२५ पासून सूट दिवसा ९ ते ५ मध्ये आली, लोकांनी काम दिवसावर आणलं आणि कॅलेंडर अजून रात्रीचंच. बदल करताना मात्र जुनं कॅलेंडर खोडून त्यातच नवीन वेळ टाकू नका. काही सॉफ्टवेअर मागचे सगळे रिपोर्ट नव्या वेळेने पुन्हा मोजतात आणि गेल्या वर्षीचे आकडे एका रात्रीत बदलतात. नवीन कॅलेंडर करा, तारखेपासून लागू करा.

सुट्ट्यांचं म्हणाल तर ऑफिसच्या भिंतीवरची यादी पुरत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तालुक्यातली पोरं गावाकडे जाणार म्हणजे जाणार. आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाचंही तेच, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवतात, सोमवारी विसर्जन, आणि सोमवारी तुमच्या लाइनवर दोन माणसं. त्या दिवशी प्लांट बंदच ठेवायचा असं ठरलं असेल तर कॅलेंडरला आधीच अपवाद टाका. पण प्लांट चालवायचं ठरलं होतं आणि माणसं आली नाहीत, तर तो सुट्टीचा दिवस नाही, तो बंदचा वेळ आहे, कारण 'माणूस नाही'. मागून सुट्टी दाखवून आकडा गोड करायचा मोह होतो, मी पण केलाय, खोटं कशाला बोलू.

लाइट जाण्याचं पण हेच. पावसाळ्यात फीडर ट्रिप झाला म्हणून तेवढे तास कॅलेंडरमधून कापायचे नाहीत, मशीन चालायची होती आणि चालली नाही, कारण 'लाइट' लिहा. पीव्हीसीमध्ये तर लाइट २० मिनिटं गेली तरी बॅरलमधला माल जळतो, साफ करा, हीटर परत तापवा, दीड-दोन तास गेलेच. ते दोन तास लाइटच्याच खात्यात. मात्र सोमवारी सकाळचं तापवणं वेगळं, ते आम्हाला आधीच माहीत असतं, म्हणून हीटर ५ ला लावायचे आणि चालायची वेळ ७ पासून धरायची. काही युनिटमध्ये ५ पासूनच धरतात आणि दोन तास 'नियोजित तयारी' म्हणून लिहितात. दोन्ही चालेल, दर महिन्याला बदलू नका फक्त. जेवणाच्या सुट्टीतही एकच प्रश्न विचारायचा: मशीन थांबते का? बदली माणूस उभा राहून लाइन चालूच ठेवत असेल तर अर्धा तास वजा करायचा नाही.

जिनिंगवाल्यांनो, तुमचं सीझनचं कॅलेंडर करा. दिवाळीच्या आसपास सुरू, कपाशीची आवक संपली की बंद. वर्षभराचं कॅलेंडर ठेवलं तर पावसाळ्यात झाकून ठेवलेल्या जिनमुळे अव्हेलेबिलिटी छान दिसते, कारण बंद मशीन बिघडत नाही. सीझनमध्ये आवकच नाही म्हणून थांबलं तर ते ब्रेकडाऊन नाही, 'माल नाही'. रोलरचं ग्रूव्हिंग (खाचा पाडणं) हे मेंटेनन्स.

अजून एक, कॅलेंडर कितीही बरोबर असू दे, रात्री ९ ला पडलेल्या मशीनचं तिकीट (बिघाडाची नोंद) क्लार्कने सकाळी साडेदहाला टाकलं तर काय उपयोग? तिकीट कधी टाकलं आणि मशीन कधी थांबली हे दोन वेगळे रकाने पाहिजेत. आणि रविवारी येऊन आप्पांनी सहा तास काम केलं तर ते दुरुस्तीचे तास म्हणून पूर्ण दिसले पाहिजेत, जरी उत्पादनाचा एक मिनिट गेला नसला तरी. नाहीतर आप्पांचा रविवार फुकट जातो, कागदावर पण.

सगळं भरून झालं की एक खोटी मशीन बनवा, शिफ्टचं कॅलेंडर लावा, शनिवारी रात्री ९ ते सोमवारी सकाळी १० असं खोटं ब्रेकडाऊन टाका. आमच्या वेळेप्रमाणे ५ आलं पाहिजे. ३७ आलं तर कॅलेंडर लागलंच नाही. २ आलं तर सोमवारची सकाळ कुठेतरी बंद राहिली. साडेसात आलं तर टाइम झोन. महिनाअखेरीला अवर मीटरशीही (मशीन किती तास चालली ते मोजणाऱ्या मीटरशी) ताडून पाहा, चाललेले तास आणि बंदचे तास मिळून ४१६ च्या जवळपास यायला हवेत.

ती खोटी मशीन नंतर डिलीट करा मात्र. आमची 'टेस्ट १' राहून गेली, आणि पुढच्या मीटिंगमध्ये शेठ विचारत होते की ही टेस्ट एक नावाची लाइन कुठे बसवलीय आणि तिचा ऑपरेटर कोण.