खडकाचं वर्णन लिहिताना या चुका टाळा

"काळा, कठीण, भोकं असलेला दगड." खानदेशात सहलीला आलेल्या पोरांच्या निम्म्या वह्यांत हेच वाक्य सापडतं. अरे बाबांनो, तापीचा गाळ सोडला की इथे बहुतेक दगड बेसाल्टच, म्हणजे थिजलेला लाव्हा. यातून लळिंगचा डोंगर कळणार की तोरणमाळचा?

भोकं दिसली की मी आधी पट्टी काढतो. किती मिलिमीटरची? गोल की चेपलेली? रिकामी की पांढऱ्या खनिजाने भरलेली? सावद्याच्या खाणींतलं झिओलाइट, म्हणजे अशाच भोकांत वाढणारं खनिज, देशोदेशीच्या संग्रहालयांत मांडलंय आणि आमचे पठ्ठे "पांढरे ठिपके" लिहून मोकळे! नमुना लाव्हाच्या थराच्या माथ्यावरचा की बुडाचा, तेही लिहा. माथ्याशी भोकांची दाटी असते, बुडाशी कधीकधी उभ्या नळ्या दिसतात.

रंग ताज्या फोडीचाच लिहा. वरची तांबूस साल म्हणजे गंज. ओला दगड काळा दिसतो, त्यामुळे सुकू द्या.

आता ज्वालामुखीची राख. माझं डोकं फिरतं ते इथे. एकदा तापीकाठच्या घळीत एका उत्साही मुलाने पांढुरका भुसभुशीत थर पाहून "राख! राख!" म्हणून आरोळी ठोकली. फोटो निघाले, दुपारपर्यंत ग्रुपवर ज्वालामुखीही फुटला. शेजारी बकऱ्या चारणारे बाबा म्हणाले, "हाई राख नही शे भाऊ, चुनखडी शे." कुणी ऐकलं नाही. मी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तर थर सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला, म्हणजे चुनखडीच. बाबा हसत बकऱ्यांमागे गेले.

राख म्हणजे चुलीतली नव्हे. ती काचेची आणि खनिजांची बारीक चूर असते. कण २ मिलिमीटरपेक्षा लहान, बोटांत कचकचतात. १० पट भिंगाखाली धारदार कपच्या दिसल्या तर राख असल्याची शंका घ्यावी, पण खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः भेगांतून वाहत आला, त्यात राख थोडीच. दोन थरांमधली लाल माती पाहूनही लगेच राख म्हणू नका. बऱ्याचदा ती जुन्या थराचा झिजलेला माथा असते.

आणि मोबाइलच्या ॲपला दगडाचं नाव विचारणाऱ्यांना मी हातोडी देत नाही. फोटोत खडू, पेन काहीतरी ठेवा, नाहीतर तो खडा की खडक हे घरी गेल्यावर तुम्हालाही सांगता येत नाही.