दूध बदललं, कृती तीच ठेवली? या चुका टाळा

खीर फुटली की पहिला दोष दूधवाल्याला लागतो. बहुतेक वेळा दूध चांगलं असतं, चुकते ती वेळ किंवा आच. त्यात आता फ्रीजमध्ये गाई-म्हशीच्या दुधाशेजारी बदामाचं, सोयाचं, ओट्सचं पाकीट येऊन बसलंय. माझ्या भाचीला दुधाची अ‍ॅलर्जी निघाली तेव्हापासून ही सगळी दुधं मी रोज हाताळते आहे. पांढरा रंग सोडला तर त्यांच्यात फारसं काही सारखं नाही. म्हणून कोणतंही दूध बदलण्याआधी मी एकच गोष्ट बघते: या पदार्थात दुधाकडून आपल्याला नेमकं काय हवंय? स्निग्धपणा, दाटपणा, आंबटपणाशी जुळणारं काही, की नुसता ओलावा?

गूळ, आलं आणि फुटलेलं दूध

ताज्या दुधाचा सामू म्हणजे पीएच साधारण ६.६ ते ६.७ असतो. तो ४.६ पर्यंत उतरला की दुधातलं केसिन हे प्रथिन गोळा होतं आणि दही लागतं. पण दूध गरम असेल तर इतकं आंबट व्हायचीही गरज नसते. मे महिन्यात सकाळचं दूध दुपारपर्यंत ओट्यावर राहिलं तर ते दिसायला, वासाला ठीक असतं आणि गॅसवर ठेवताच फुटतं. आंबटपणा आत सुरू झालेला असतो, उष्णता फक्त तो उघड करते.

गुळात आम्लही असतं आणि क्षारही. उकळत्या खिरीत तो थेट टाकणं ही सगळ्यांत जास्त घरांत होणारी चूक. खीर उतरवा, वाफ जिरू द्या. गूळ वेगळा थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून मग घाला. त्यानंतर खीर पुन्हा उकळायची नाही. गव्हाच्या खिरीत गहू गुळाबरोबर शिजवून दूध ताटात वरून घ्यायची जी जुनी पद्धत आहे, ती याच कारणाने इतकी बिनधोक आहे.

चहाचंही तसंच. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. आलं दुधात कच्चं किसलं की चहा फुटू शकतो. आधी पाण्यात आलं घालून दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा, एन्झाइम निकामी होतं, मग दूध घाला. कच्ची पपई, ताजा अननस आणि किवी यांच्यातही अशीच एन्झाइमं असतात. फ्रूट सॅलडमध्ये ताजा अननस घातला तर तासाभरात दूध कडवट लागायला लागतं. डब्यातला अननस चालतो, कारण तो गरम केलेला असतो.

फुटलं तर काय करायचं? दूध ताजं होतं आणि गुळाने किंवा लिंबाने फुटलं असेल तर मंद आचेवर आटवून कलाकंदासारखं करा, छान लागतं. शिळेपणामुळे फुटलं असेल, आंबूस वास येत असेल, तर टाकून द्या. त्यात साखर घालून वाचवायचा प्रयत्न करू नका.

दूध तळाला लागलं तर डावाने तळ खरवडू नका. वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता, करपट वास बराचसा मागे राहतो.

नारळाचा रस

वनस्पतीजन्य दूध म्हटलं की आपल्याला पाकिटं आठवतात. पण कोकणात आणि गोव्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि तिथली शिस्त बाकीच्या दुधांनाही उपयोगी पडते. नारळाचा चव, म्हणजे खवलेलं ओलं खोबरं, कोमट पाण्यात वाटून पहिला पिळून काढायचा तो जाड रस. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून काढायचा तो पातळ रस. दोन्ही एकत्र करून ठेवले की निम्मी लढाई तिथेच हरली.

भाजी किंवा मासे पातळ रसात शिजवा, जाड रस अगदी शेवटी घाला. जाड रस म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब, त्यांना प्रथिनांनी वेगवेगळं धरून ठेवलेलं असतं. खळखळून उकळलं की प्रथिनं आखडतात, थेंब एकमेकांत मिसळतात आणि वर तेल, खाली पाणी दिसतं. जाड रस घातल्यावर आच बारीक, झाकण नाही, कडेला बुडबुडे आले की गॅस बंद. तरीही फुटला तर चमचाभर तांदळाची पिठी गार पाण्यात कालवून घाला आणि हलकेच ढवळा, आमटी बरीच सावरते.

सोलकढी तर गरम करायचीच नाही. आणि आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस घालत असाल तर मीठ शेवटी, चव बघून. आगळात मीठ असतंच.

उरलेला रस फ्रीजमध्ये ठेवला की वर पांढरा थर धरतो. तो खराब झाला असं समजून फेकू नका. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, एवढंच. बाहेर काढून थोड्या वेळाने ढवळा.

सोया, ओट्स, बदाम

गाईच्या एक कप दुधात सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं असतात, सोया दुधात सुमारे ७. बाजारच्या बदाम दुधात जेमतेम १ ग्रॅम. हा एक आकडा लक्षात ठेवला तर कितीतरी फसगती टळतात. बदाम दुधाची बासुंदी का आटत नाही, दही का लागत नाही, सगळ्याचं उत्तर त्यात आहे. बासुंदीसारखा दाटपणा हवा असेल तर भिजवलेल्या काजूची गुळगुळीत पेस्ट घाला. काजूत स्टार्च असतो, तो गरम झाल्यावर आपोआप दाट होतो.

ओट्सचं दूध घरी करताना बुळबुळीत होतं अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकते. पाणी बर्फासारखं गार घ्या, मिक्सर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त फिरवू नका, आणि गाळताना फडकं पिळू नका. तरीही गरम केलं की ते दाट होणारच, स्टार्च फुगतो. म्हणून ते सूपला उत्तम, चहाला नाही.

सोयाबीनच्या बाबतीत मात्र हयगय नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, म्हणून घरचं सोया दूध नीट शिजलंच पाहिजे. ते तापायला लागलं की फेस घेऊन वर येतं आणि उकळी आली असं वाटतं. ती उकळी खरी नसते. आच कमी करा, फेस बसू द्या, मग दहाएक मिनिटं ढवळत उकळवा. कॉफीत सोया दूध फुटत असेल तर दूध आधी गरम करा आणि कॉफी त्यात हळूहळू ओता.

केक बसला, साबणासारखा लागला

भाचीच्या वाढदिवसाला मी केलेला पहिला केक असाच झाला. मूळ कृतीत दही आणि खायचा सोडा होता. दही काढून मी बदाम दूध घातलं, सोडा तसाच ठेवला. सोड्याला फुलायला आंबट काहीतरी लागतं. ते नव्हतं, म्हणून केक बसला, वर पिवळे डाग आले आणि तोंडात साबणाची चव राहिली. त्या छोट्या मुलीने तरी सगळा तुकडा संपवला, ते मी विसरलेले नाही.

उपाय सोपा आहे. एक कप दुधात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून पाच-दहा मिनिटं ठेवा. सोया दूध फाटून ताकासारखं दिसेल. बदाम किंवा ओट्सचं तितकं दाट होणार नाही, पण सोड्याला हवा असलेला आंबटपणा त्यात आलेला असतो. एक कप मैद्याला पाव छोटा चमचा सोडा पुरतो.

जाड नारळाचा रस साध्या दुधाइतकाच घातला तर केक जड होतो. निम्मं पाणी मिसळा. बदाम दुधाचा केक वरून फिकट राहतो, कारण लाली यायला प्रथिनं आणि साखर दोन्ही लागतात. रंगाची वाट बघत तो जास्त वेळ ओव्हनमध्ये ठेवला तर कोरडा पडतो. सुई घालून बघा आणि काढा. पावाच्या कणकेसाठी दूध कोमटच हवं, बोट सुखाने बुडेल इतपत. कढत दुधात यीस्ट मरतं.

पाकिटावरची बारीक अक्षरं

नारळाच्या दुधाची पावडर दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला चालेलच असं नाही. अनेक ब्रँडच्या पावडरीत सोडियम केसिनेट असतं, आणि ते गाई-म्हशीच्या दुधातूनच येतं. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर न पचणाऱ्याला त्याचा सहसा त्रास होत नाही, अ‍ॅलर्जी असलेल्याला मात्र होऊ शकतो. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं कुठलंही दूध आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या पावडरीऐवजी देऊ नका. आणि गोड किंवा व्हॅनिला लिहिलेलं पाकीट पांढऱ्या रश्श्यासाठी आणलं जात नाहीये ना, हे दुकानातच बघून घ्या.