बॉब क्रेनच्या खुनाची केस वाचायला घेताय? आधी वहीत तीन रकाने आखा

न सुटलेल्या खुनांबद्दल वाचणारे ऐकणारे लोक आपल्याकडे आता भरपूर झालेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या समोर कधी ना कधी बॉब क्रेनची केस येतेच. अमेरिकन टीव्हीचा मोठा स्टार, 'होगन्स हीरोज' मालिकेतला कर्नल होगन, १९७८ साली अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये झोपेतच डोक्यात घाव घालून मारला. आणि लगेच पुढचं वाक्य येतं की त्याचं एक गुपित आयुष्य होतं. झालं, मग सगळे त्या गुपितात अडकतात आणि खून राहतो बाजूला. मला याचा मनापासून त्रास होतो, म्हणून ही केस कशी वाचायची ते सविस्तर लिहितेय.

वहीत तीन रकाने करा. एकात जे प्रत्यक्ष सापडलं ते, दुसऱ्यात जे कोणीतरी सांगितलं ते, तिसऱ्यात अंदाज. आता भरायला लागा. २९ जूनच्या दुपारी त्याच्या नाटकातली सहकलाकार व्हिक्टोरिया बेरी फ्लॅटवर गेली तेव्हा बॉडी दिसली, गळ्याला इलेक्ट्रिकची वायर बांधलेली होती, हे पहिल्या रकान्यात. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडने मारलं असं सगळीकडे अगदी ठामपणे लिहिलेलं असतं, पण हत्यार कधी सापडलंच नाही, त्यामुळे ट्रायपॉड सरळ तिसऱ्या रकान्यात टाका. त्याच्या मुलाने कोर्टात सांगितलं की वडिलांना जॉन कार्पेंटर नावाच्या मित्राशी (पुढे याच्यावरच या खुनाचा खटला चालला) संबंध तोडायचे होते, हा दुसरा रकाना, आणि त्याच्याच खाली हेही लिहा की आदल्या संध्याकाळी दोघांना हॉटेलात जेवताना बघणारे साक्षीदार म्हणाले की ते मजेत होते. दोन्ही सांगितलेल्याच गोष्टी आहेत, आपल्याला आवडेल तेवढीच उचलायची नाही. इतकं केलंत तरी अर्धा गोंधळ कमी होतो.

यानंतर प्रत्येक पुराव्याला त्या काळाच्या हिशोबाने तपासायचं. कार्पेंटरने भाड्याने घेतलेल्या गाडीच्या दारावर रक्ताचे डाग मिळाले, ग्रुप बी, क्रेनचाही बी. आपण भारतात बसून वाचतो तेव्हा वाटतं त्यात काय एवढं, बी ग्रुपवाले घरोघरी आहेत, पण अमेरिकेत ते साधारण दहा टक्केच, म्हणून तिथल्या पोलिसांना तो धागा मोठा वाटला. पण दहा टक्के म्हणजेही लाखो लोक, आणि डीएनए टेस्ट तेव्हा नव्हतीच, त्यामुळे रक्त क्रेनचंच आहे हे सिद्ध करायचा मार्गच नव्हता आणि त्या वेळी सरकारी वकिलांनी केस उभीच केली नाही.

वस्तू कोणाच्या हातातून कुठे गेली हेही बघत जा, इथे तर ते फारच महत्त्वाचं आहे. १९९० मध्ये केस पुन्हा उघडली तेव्हा गाडीच्या आतला एक जुना फोटो मिळाला, त्यात मेंदूच्या पेशींचा वाटावा असा एक छोटा तुकडा दिसत होता, पण तो खरा तुकडा मधल्या काळात हरवलेला! कोर्टाने फोटो पुरावा म्हणून चालवून घेतला, १९९२ मध्ये कार्पेंटरला अटक झाली, खटला चालला आणि ३१ ऑक्टोबर १९९४ ला तो निर्दोष सुटला. चार वर्षांनी तो वारला. त्यामुळे त्याला 'खुनी' म्हणून लिहिणारा लेख दिसला तर त्या लेखकाने निकाल वाचलेला नाही असं खुशाल समजा.

आता ते गुपित आयुष्य. क्रेन बऱ्याच बायकांबरोबरच्या संबंधांचे व्हिडिओ आणि फोटो काढायचा, घरी वापरायचा व्हिडिओ रेकॉर्डर तेव्हा नवीन होता, आणि कार्पेंटर त्याच धंद्यातला सेल्समन. यातून मारेकरी कोण हे काहीच कळत नाही. बघा ना, बचाव पक्षाने कोर्टात हीच गोष्ट पुढे केली की एवढ्या बायका म्हणजे चिडलेला नवरा किंवा बॉयफ्रेंड कोणीही असू शकतो, आणि कार्पेंटरकडे बोट दाखवणारेही त्याच टेप्सवरून दोघांच्या मैत्रीतल्या भांडणाची गोष्ट रचतात. एकच गोष्ट दोन्हीकडे वाकवता येत असेल तर तिची जागा तिसऱ्या रकान्यातच, हे माझं स्पष्ट मत आहे. आणि कृपा करून त्या टेप्स शोधत बसू नका. त्यातल्या बायकांनी कोणाचा जीव घेतला असं कधी सिद्ध झालेलं नाही, त्यांची नावं काढून आपल्याला काही मिळणार नाही, त्यांच्या घरच्यांना मात्र त्रास होईल. क्रेन गेला तेव्हा पन्नासाव्या वाढदिवसाला दोन आठवडे राहिले होते, त्याला मुलंबाळं होती, वाचताना हे लक्षात राहू द्या.

सगळ्यात शेवटी डीएनए बघा, आधी नको, कारण ते आधी वाचलं की बाकीचं वाचायचा धीर राहत नाही. २०१६ मध्ये फिनिक्सचा टीव्ही पत्रकार जॉन हुक याने परवानगी काढून गाडीतल्या रक्ताची पुन्हा तपासणी करून घेतली, त्यात एक अनोळखी पुरुष निघाला आणि दुसरा नमुना इतका खराब झालेला की काही ठरवताच आलं नाही. अनोळखी पुरुष म्हणजे खरा खुनी असं लगेच धरू नका हं, भाड्याच्या गाडीत कोण कोण बसून गेलेलं असतं. या तपासणीत गाडीतला उरलेला सगळा डीएनए संपला, त्यामुळे नवीन टेस्टने लवकरच केस सुटणार असं कोणी छातीठोक सांगितलं तर त्याला एवढंच विचारा की टेस्ट कुठल्या नमुन्यावर करणार आहेत.