हस्तिदंती दिसणारे हाडाचे दागिने: चरबी काढण्यापासून विक्रीपर्यंत

सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणाऱ्या मॅमथच्या (हत्तीच्या नामशेष झालेल्या भाऊबंदाच्या) सुळ्याचे दागिने नेटवर बघून बरेच जण विचारतात, हे नाशिकमध्ये करता येईल का? आमचं उत्तर: त्या वाटेला जाऊ नका. मॅमथ साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत नाही हे खरं, पण भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे आणि तुमचा मणी मॅमथचा आहे हे सिद्ध कसं करणार? सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. बाहेरच्या कडेला त्यांचा कोन मॅमथमध्ये साधारण 90 अंशांपेक्षा कमी आणि हत्तीत 115 च्या वर असतो. वाटाण्याएवढ्या मण्यावर तो मोजण्याइतक्या रेषा उरतच नाहीत. हस्तिदंताच्या गुन्ह्याला शिक्षा 3 ते 7 वर्षांची आहे. तो रंग आणि तो गुळगुळीतपणा म्हशीच्या हाडातून मिळतो, फक्त मेहनत वेगळ्या जागी पडते.

महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, म्हशीला नाही. म्हणून परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच पायाची नळी घ्या आणि पावती जपून ठेवा. हाड स्वतः साफ करण्याचा खटाटोप नको असेल तर उत्तर प्रदेशातल्या संभळहून साफ केलेल्या तयार पट्ट्या मागवता येतात. तिथे शिंग आणि हाडाचं काम जुनं आहे.

नळीची दोन्ही टोकं करवतीनं उडवा. ती आतून स्पंजासारखी असतात, त्यातून दागिना होत नाही. मधल्या सरळ भागाची भिंत साधारण 6 ते 10 मिमी असते, म्हणजे पेंडंट, कानातलं, बटण, चपटे मणी एवढंच. मोठा गोल मणी यातून निघणार नाही, त्याचा हट्ट धरू नका.

खरं काम चरबीचं आहे आणि नवखे इथेच घाई करतात. नळीच्या पोकळीतला मगज काठीनं काढून टाका. हाड खळखळ उकळू नका: त्यातलं कोलॅजन विरघळून हाड खडूसारखं ठिसूळ होतं आणि चरबी आणखी आत मुरते. एक लिटर कोमट पाण्याला एक मोठा चमचा भांडी घासायचं लिक्विड घाला आणि हाड त्यात बुडवून ठेवा. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये गच्चीवर झाकणाची बादली ठेवली की वेगळं गरम करावं लागत नाही, फक्त शेजाऱ्यांच्या नाकाचा विचार करा. पाणी गढूळ झालं की बदला. वर तेलाचा तवंग यायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवा, एक ते तीन आठवडे लागतात.

मगच पांढरं करायचं. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तेवढंच पाणी घालून 24 ते 48 तास भिजवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो. ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच कधीच वापरू नका, हाडाचा वरचा थर भुसभुशीत होतो. दोन महिन्यांनी गिऱ्हाईक पिवळा डाग घेऊन परत आलं, तर चरबी आत राहिली होती असं समजा. पेरॉक्साइड तिला झाकतं, काढत नाही. धुऊन सावलीत दोन-तीन आठवडे वाळवा. उन्हात टाकलं की लांबीच्या दिशेनं चिरतं.

कापताना हाड ओलं ठेवा, धूळ कमी उडते. तरी एन-95 मास्क लावाच, ही धूळ फुप्फुसाला चांगली नाही. शिकंज्याच्या दोन्ही जबड्यांना चामड्याचा तुकडा लावा. पेंडंटला 3 मिमी आणि कानातल्याला 2 मिमी जाडी पुरते. 20 बाय 30 मिमीचा अडीच मिमी जाड तुकडा साधारण 3 ग्रॅम भरतो, कानाला जड होत नाही. भोक 1 ते 1.2 मिमीचं, हळू वेगानं आणि दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडा. एकाच बाजूनं आरपार गेलात तर मागची कड उडते. केस जळल्यासारखा वास आला की थांबा: हाड तापलंय, तिथे तपकिरी डाग पडेल आणि तो आत उतरलेला असेल.

कानसेनं आकार दिल्यावर वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) 120, 220, 400, 600, 1000 नंबर असा क्रमानं. प्रत्येक वेळी आधीच्याच्या आडव्या दिशेनं घासा, म्हणजे जुने ओरखडे गेले की नाही ते दिसतं. शेवटी सुती बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) पांढरं पॉलिश कंपाऊंड, हलक्या हातानं. तपकिरी कंपाऊंड हाडाच्या छिद्रांत शिरतं आणि निघत नाही. मग मेणाचा पातळ हात.

चांदीत बसवायचं असेल तर क्रम चुकवू नका. कोंदणाची पट्टी, कडी, सगळी झाळणी आणि आम्लातली सफाई आधी उरका. हाड सगळ्यात शेवटी. ज्योत हाड जाळते आणि आम्ल त्यातलं कॅल्शियम खातं. कोंदणाला 0.3 ते 0.4 मिमीची मऊ चांदीची पट्टी पुरते. सराफ बाजारातला चांदीचा कारागीर ती ओढून देईल.

किंमत काढताना हाड जवळजवळ फुकट आहे असं धरू नका. साफ करण्याचे दिवस मोजा, चांदी मोजा, हातकामाचे तास मोजा आणि वर फुटतुटीसाठी दहावा हिस्सा टाका. राज्यातल्या राज्यात माल विकताना वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परदेशी पार्सलला प्राणिजन्य वस्तू म्हणून कागद लागतात, सुरुवातीला तो नाद नको.

पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरला हा माल मांडू नका, 2027 च्या सिंहस्थात तर नकोच. तिथल्या गिऱ्हाइकाला हाड अंगावर नको असतं आणि त्यात त्याचं चुकत नाही. प्रदर्शनं, कॉलेज रोडची तरुण मंडळी, वायनरी बघायला येणारे पाहुणे, हे आपले लोक. लेबलवर पहिला शब्द 'म्हशीचं हाड' हाच असू द्या. 'आयव्हरी' हा शब्द रंगाचं नाव म्हणूनही लिहू नका. खाली एवढं पुरे: पाण्यात भिजवू नका, सेंट मारण्याआधी काढा.

ऑनलाइन टाकताना दहापट भिंगातून काढलेला एक फोटो जोडा. त्यात बारीक काळसर ठिपके आणि रेघा दिसतात. त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंतात त्या नसतात, त्यामुळे विचारणाऱ्याला तोच फोटो उत्तर देतो.