८ मार्चचा कार्यक्रम आखताना

कार्यालयात ८ मार्चचा, म्हणजे महिला दिनाचा, कार्यक्रम आखायचा असेल, तर वक्ता आणि सभागृह ठरवण्याआधी मागणी ठरवावी. हा दिवस मागणीतूनच जन्मला आहे. १९१० मध्ये कोपनहेगन येथील समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी महिला दिनाचा प्रस्ताव मांडला, तो प्रामुख्याने मताधिकारासाठी होता. १९१७ मध्ये रशियातील पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतील स्त्रिया ८ मार्चलाच भाकरीसाठी संपावर गेल्या आणि आठवडाभरात झारला सिंहासन सोडावे लागले.

आपल्याकडील उदाहरण आवर्जून सांगावे. देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली घडलेल्या बलात्काराच्या खटल्यात, म्हणजे मथुरा नावाच्या मुलीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि ८ मार्च १९८० रोजी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया फेरसुनावणीच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरल्या. निकाल फिरला नाही. पण १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती हे पीडितेचे म्हणणे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद आली. सत्कार समारंभांना माझा विरोध नाही, मात्र या इतिहासाच्या जागी केवळ सत्कार उरावा, हे मला मान्य नाही.

मागणी अशी निवडावी की ती मान्य करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे नेमके सांगता येईल. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य संस्थेबाहेरील व्यक्ती असावी. समिती आहे का, तिचा तीन वर्षांचा कार्यकाळ उलटून गेला आहे का आणि सदस्यांची नावे दर्शनी भागात लावली आहेत का, हे आधी तपासावे. बहुतेक ठिकाणी मागणी इथेच सापडते.

हा कायदा कंत्राटी सफाई कामगार स्त्रियांनाही लागू आहे. त्यामुळे सभा कामाच्या वेळेत, त्यांना पगार न कापता बसता येईल अशी घ्यावी आणि निवेदनाचा मसुदा त्यांना वाचून दाखवून त्यांच्या दुरुस्त्या त्यात घ्याव्यात. निवेदन व्यवस्थापनाला लेखी द्यावे, त्याची तारखेसह पोच घ्यावी आणि उत्तर मागायला कोण व कधी जाणार, हे सभेतच ठरवून इतिवृत्तात नोंदवावे.