कॅमचा ठक्क आवाज कसा घालवायचा

जळगाव एमआयडीसीत चटईच्या मशीनवर काम करत असाल तर हे बघाच, कॅमवर (आर्मला ढकलणारी, पूर्ण गोल नसलेली फिरती चकती) चालणारा आर्म पुढेमागे होताना टोकाला ठक्क वाजतो ना, तर लगेच स्प्रिंग आवळत बसू नका, आधी पॉवर बंद करा, आर्मला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मीटर) लावा अन् कॅम हाताने फिरवत दर 10 अंशाला रीडिंग लिहून घ्या. समजा कॅमच्या एका फेऱ्यात 120 अंश चढ (आर्म पुढे), 60 थांबा (आर्म जागेवर), 120 उतार (आर्म मागे), 60 थांबा, तर बेरीज 360 आली पाहिजे. रीडिंग थांब्यानंतर एकदम पळायला लागलं तर झटका बसणारच, तिथं सायक्लॉइडल प्रोफाइलचाच (आर्मला हळू सुरू करून हळू थांबवणाऱ्या आकाराचा) कॅम करून घ्या, महाग पडतो पण रोलर (कॅमवर फिरणारं आर्मचं चाक) वाचतो. रोलरची पिन ढिली असली तर नवा कॅम टाकूनही उपयोग नाही. स्प्रिंग, फुल स्पीडला रोलर कॅमवरून उचलला जाणार नाही इतकीच ताणा, जास्त ताणली की कॅम झिजतो.